सुरगाणा उत्तर देत नाही

अंबडला, दुसऱ्या मजल्यावर, एका गार खोलीत
अख्खा जिल्हा दोन कपाटांत राहतो.
पंधरा प्रोसेस. नावं मीच ठेवली, तालुक्यांची,
कारण आकडे माझ्या लक्षात राहत नाहीत
आणि देवांची नावं खैरनार सरांना नको होती:
उद्या लॉगमध्ये 'गणपती बंद पडला' कोण वाचणार?

म्हणून पेठ, कळवण, दिंडोरी, देवळा.
इगतपुरी आणि येवला यांच्यात वीतभर वायर.
नांदगाव मालेगावच्या डोक्यावर बसलेलं.
नावाचा कामाशी संबंध नाही.
निफाडच्या बागायतदारांचे नंबर सुरगाण्याकडे आहेत,
का, ते विचारू नका.

जानेवारी. रात्रीचे दोन वाजून दहा.
निफाडचा पारा पाचाच्या खाली.
मी हाक दिली. एकच हाक, पंधरा ठिकाणी:
पाठवा, ज्याच्याकडे जे नंबर असतील त्यांना.
थंडी वाढतेय, बागेत शेकोट्या करा.

दुसऱ्या प्रोसेसला काम सांगायचं
तर शेजारी बसलेल्या माणसाला सांगितल्यासारखं लिहायचं,
एका ओळीत: नाव, काम, कंस पूर्ण,
आणि ओठ मिटून बसायचं.
जणू मध्ये वायर नाही, स्विच नाही, काळ नाही.
सगळी लबाडी त्या एका ओळीत आहे.

चौदा जणांनी उत्तर दिलं.
ठीक. ठीक. ठीक.
बागलाणने जरा वेळ घेतला, पण ठीक.
सुरगाणा गप्प.

पाच सेकंद दिले होते मी.
पाच सेकंद किती लांब असतात ते थांबणाऱ्याला विचारा.
मग पडद्यावर दोन याद्या:
ही उत्तरं,
आणि हे, ज्यांचं काही कळलं नाही.
मेला, असं यंत्र म्हणत नाही. त्याला म्हणताच येत नाही.
हाक पोचलीच नाही,
की पोचली, काम झालं,
आणि 'झालं' हा शब्द तेवढा वाटेत सांडला,
इकडून दोन्ही सारखंच दिसतं.

बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते.
सांगायचे, एक कागद कमी भरला
तर शिफ्ट सुटायची नाही. डबे उघडे, खिसे उलटे,
मोजा पुन्हा. आई पोळ्या झाकून ठेवायची.
मोजणी जुळली की दार उघडायचं.
त्यांना मला कधी समजावता आलं नाही
की माझ्या कामात चौदा धरून पुढे जायचं असतं,
आणि पंधराव्याचं काय
ते ज्याने हाक दिली त्याने ठरवायचं.

सगळे लॉग चाळून, चहा गार करून,
साडेतीनला मी ठरवलं.
पुन्हा हाक दिली, एकट्या सुरगाण्याला.
ठीक, म्हणाला.
इतक्या सहज, की राग यावा.

सकाळी कोठुऱ्याहून रंगनाथ मोगलांचा फोन.
"ताई, मेसेज दोनदा आला."
मी माफी मागायला तोंड उघडलं.
"पहिल्याला उठलो, पेटवलं, येऊन पडलो.
दुसऱ्याला उठलो तर शेकोटी विझायला टेकलेली.
तुम्ही बघत होता का काय तिकडून?"

म्हणजे काम पहिल्याच हाकेला झालं होतं.
स्विचच्या मागे एक पिन अर्धी बाहेर, एवढंच.

खैरनार सरांनी अहवाल लिहायला लावला.
दोष: एकच काम दोनदा.
उपाय: प्रत्येक हाकेला क्रमांक,
तोच क्रमांक पुन्हा आला तर नुसतं 'झालंय' म्हणावं.
दुपारपर्यंत लिहून झालं. चार वेळा तपासलं.
आता सुरगाणा कुणालाही दुसऱ्यांदा उठवणार नाही.

आज पारा साडेचार दाखवतोय.
मोगलांचा नंबर एका चिठ्ठीवर, कीबोर्डखाली.
साडेतीनचा गजर लावलाय मी,
कशासाठी, ते अजून ठरलेलं नाही.