चौऱ्याहत्तर सेंटिमीटर

कॉलेज रोडच्या दुकानात
अहिररावांचा सर्वेश आधी म्हणाला,
"काकू, मुलासाठी बघताय का?"
नाही म्हटल्यावर त्यानं
बास्केटवाल्या सायकलींकडे हात केला.
त्या नव्हे रे. ती.
मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल आहे ती.

मग तो जरा सावरून उभा राहिला.
म्हणाला, इन्सीम किती?
म्हणजे जमिनीपासून, असं, वर...
आणि टेप हातात असून
छताच्या पंख्याकडे बघत बसला.
बिचारा. असेल तेवीस वर्षांचा.
म्हटलं, घरून मोजून आणते.

आजवर माझी मापं पुष्कळांनी घेतली.
शिंपिणीनं, दर दिवाळीला एकेक टीप उसवत.
बांगडीवाल्यानं हात दाबून दाबून, दोन-सहा.
सासूबाईंनी नजरेनं, एकदाच.
कंपनीनं ॲप्रनसाठी, एम की एल.
पण पाय किती लांब
हे कुणाला लागलंच नव्हतं.
साडीला लागत नाही.

रात्री सिडकोतल्या घरी
दाराच्या चौकटीला पाठ टेकवून,
कंपनीची जाड पुठ्ठ्याची डायरी
दोन पायांमध्ये वर दाबून धरून
मी उभी.
हे पेन्सिल घेऊन खाली बसले, चष्मा कपाळावर.
"हलू नकोस," म्हणाले,
निनादला म्हणायचे तसंच.
रेघ मारायला गेले
आणि थांबले.
तिथं एक रेघ आधीच होती.
निनाद, पहिला वाढदिवस, ७४.

"आता काय लिहू?"
काही नको. तीच चालेल.

भिशी यंदा सातव्या महिन्यात माझी निघाली.
बारा बायका, पाच-पाच हजार.
पॅकिंगमधली सोनजे म्हणाली, सोनं घे गं.
म्हटलं, साठात आता तोळाही येत नाही,
दोन चाकं मात्र येतात.

सर्वेशकडे लाल होती, चोपन्न साइजची,
आठ हजारांनी कमी केलेली.
मला एकोणपन्नास लागणार हे त्यालाही कळत होतं.
"सीट खाली करून देतो काकू, चालून जातं."
चालून जातं!
तीस वर्षं अंबडला बेअरिंग तपासतेय मी.
पाच मायक्रॉन चुकले तर ट्रकभर माल
त्याच ट्रकनं परत पाठवलाय,
आणि प्रत्येक सप्लायर
दारात उभा राहून हेच म्हणालाय.

मागवलेली सायकल यायला तीन आठवडे लागले.
करड्या रंगाची. फोटोत निळी वाटायची.
सर्वेश गिअरचं सांगत होता, कार्बनच्या फोर्कचं सांगत होता,
मी पुढचं चाक उचलून फिरवलं
आणि हबला कान लावला.
दुकानातली दोन पोरं हसली.
हसू देत.
आत सगळे छर्रे एका लयीत, एकही रुसलेला नाही.
मान हलवली, पैसे मोजले.
अठ्ठावन्न. उरलेल्या दोनात हेल्मेट,
आणि खारे शेंगदाणे, घरी जाताना.

रविवारी पहाटे त्र्यंबक रोड.
सातपूरच्या शिफ्टच्या बसेस अजून निघायच्या होत्या.
बेळगाव ढग्याच्या अलीकडे चढ सुरू झाला,
बसमधून कधी जाणवला नव्हता तो.
अंजनेरी समोर, अर्धी धुक्यात,
आणि ती काही केल्या जवळ येईना.
एका दुधवाल्यानं मला मागं टाकलं,
मागे वळून बघितलं,
वेग कमी केला,
पुन्हा बघितलं आणि निघून गेला.

तेवढ्यात ऐकू आलं.
टिक्. टिक्.
दर फेऱ्याला एकदा, बारीक.
थांबले. चाक फिरवून पाहिलं. गप्प.
पेडल फिरवलं. गप्प.
चेन, ब्रेक, सगळं गप्प.
पुन्हा चढले, पुन्हा टिक्.

उजवा गुडघा होता.

बावन्न वर्षांचा माल.
घासलेला, पण फिरतोय.
सही करून पास केला
आणि गिअर एक खाली टाकला.