चार्जरसकट

वसमतला हळदीचा हंगाम. मोंढ्याच्या रस्त्यावर
ट्रॅक्टरांची रांग, आणि मुदस्सिरच्या दुकानात
माझ्यासमोर चार लॅपटॉप उघडे,
चौघांवर एकच बर्फाचा डोंगर.
बर्फ पाहून मला काय कळणार?

ताई, काम काय करायलाव तुम्ही?
बारवा काढते, मी म्हणाले. चित्रं.
पायऱ्या मोजते, फोटो जोडते,
आणि रात्री ज्या गावात असेन तिथं बसून
ज्यानं बारव दाखवली त्याचं बोलणं लिहिते.
मंग गेमचा घ्या, तो म्हणाला. दमदार हाय.
कळांखाली लाल दिवे लागतात त्याच्या.

उचलून पाहिला. दोन्ही हात लागले.
वालूरच्या बारवेत उतरताना
एक हात भिंतीला असतो,
दुसऱ्यात चपला.
तिसरा हात नाही मला.

दुसरा पातळ, चांदीच्या ताटासारखा.
बाहेर उन्हात नेला तर पडद्यावर
चित्र नाही, मीच:
कपाळाला आठ्या, मागं पोत्यांची थप्पी,
थप्पीवर झोपलेला एक पोरगा.
साठ हजार देऊन आरसा कोण घेईल?

तिसऱ्याच्या खोक्यावर लिहिलेलं, एक किलो दोनशे.
खरं?
कंपनीनं लिवलंय, ताई.
समोरच्या अडतीत केरबामामा तोलारी.
त्यांनी नमुन्याचा छोटा काटा फुंकून साफ केला,
तरी पिवळा राहिलाच.
एक किलो दोनशे दहा.
बरं, आन् ह्येच्यासंगं काय जातंय?
मी चार्जर ठेवला. एक पाचशे सत्तर.
कंपनीला स्वतःचा चार्जर
कधी खांद्यावर घ्यावा लागला नसणार.

मग मामांनी पिशवीच मागितली, मोठ्या काट्यावर:
वही, टेप, पाण्याची बाटली,
दोन दशम्या, शेंगदाण्याची चटणी,
आणि दोरी, सत्तर फूट, फुटाफुटाला गाठ.
डबडं हलकंच हाय, मामा म्हणाले, दोरी जड हाय तुमची.

दोरी कशी टाकू?
खोली तिलाच कळते.

बॅटरी अठरा घंटे चालते म्हणाला मुदस्सिर.
मला चारठाण्याची रात्र आठवली,
गिरणीवाल्यानं दिलेली पिन,
आणि गिरणी सुरू झाली की चार्जिंगचा दिवा
मिणमिणून विझायचा;
मी दळण संपायची वाट बघत
कुणाच्या तरी ज्वारीकडं बघत बसलेले.

निघाले होते. मागच्या फळीवर एक दिसला.
त्यो जुना हाय, बँकेतल्या मॅडमचा,
बदली झाली त्यांची, इकून गेल्या.
बिजागरी जरा सैल.
पडद्याला चकाकी नाही, उन्हात नेला
तर माझं तोंड दिसेना, डोंगर दिसला.
कळांवरून बोट फिरवलं. सगळ्या ठीक.
एकच गुळगुळीत, वरचं अक्षर पुसलेलं,
मराठीत जिथं काना असतो ती.

बँकेतल्या बाईचे तर आकडे झिजायला हवे होते.
हिनं इतकं काय लिहिलं?
कुणाला? रात्री, जेवणं उरकल्यावर?
मुदस्सिरला माहीत नव्हतं.
आतलं सगळं पुसून देतो ना ताई आम्ही.

मी लिहिलं, बारव.
ब झाला, आणि बोट आपसूक
त्या खळग्यात जाऊन बसलं,
मधोमध झिजलेल्या पायरीवर पाय बसतो तसं.

एक किलो आठशे. चार्जरसकट दोन दोनशे.
मामांनी मान हलवली, लई भरला ह्यो.
झाकणावर त्यांचा अंगठा उठला होता, पिवळा.
मुदस्सिर फडकं घेऊन आला,
राहू दे म्हणाले.

पैसे मोजून दिले. पिशवी उचलली, परत ठेवली.
पाण्याची बाटली काढून
मामांच्या काट्याशेजारी ठेवून दिली.
बारवेत पाणी असलं तर असेल.