जिन्याखालचा डबा

दोन्ही डिस्क एका दुकानातून घेऊ नका,
वाशीतला पोरगा म्हणाला, स्वतःचंच गिऱ्हाईक तोडत.
एका खेपेत आलेल्या एकाच आठवड्यात जातात.
म्हणून एक त्याच्याकडून घेतली,
दुसरी ठाण्याला, नौपाड्यात.
डब्यात शेजारी शेजारी बसवल्या, चार-चार स्क्रू,
आणि तरी एक उरला.
तो अजून माझ्या मिसळणाच्या डब्यात आहे, मोहरीत.

गोठिवलीतलं आमचं घर तीन मजली,
तीन भावांचं, पाण्याच्या मोटरवरून वर्षभर अबोला धरलेलं.
डक्टमधून वायर वर चढवली त्या दिवशी
आम्ही तिघी जावा एकाच भोकात तोंड घालून ओरडत होतो.
आली का गो?
आली, वढ आता.

मग ज्यानं त्यानं आपापलं आणून ओतलं.
हरेशभावोजींनी टेनिस बॉलच्या सामन्यांचे ड्रोननं टिपलेले तासच्या तास,
भाविकानं बारावीच्या नोट्स, आणि कुलूप लावलेला एक फोल्डर.
मी सासऱ्यांची फाइल स्कॅन केली:
भूसंपादनाची नोटीस, निवाडा, अंगठा.

त्या खाचरावर आता एक इमारत आहे,
खिडकी नसलेली, रात्रभर घुमणारी.
जगाचे फोटो तिथं ठेवतात म्हणे.
पुतण्या तिच्या गेटवर बारा तास उभा असतो,
आत काय आहे ते त्यानं पाहिलेलं नाही.
दर महिना भाडं भरून
आपले फोटो आपल्याच शेतात ठेवायचे?
त्यापेक्षा जिन्याखाली, चपलांच्या वर.

आठाचं पैसं देलं न् चारच? थोरल्या भावोजींनी विचारलं.
म्हटलं, दुसरी पहिलीचं सगळं उतरवून घेते,
एक गेली तर घर चालावं म्हणून.
म्हंजी एक बसून खाते.
नाही, म्हटलं, तीही तेवढंच राबते,
फक्त तिला कुणी विचारत नाही.
कुंदावैनी भाकरी थापत होत्या. हसल्या ते थांबेचनात.

भादव्यात ठाण्याची डिस्क गेली.
रात्री दोनला डबा ओरडायला लागला, तिन्ही मजले जिन्यात.
नवी बसवली. अकरा तास आकडा चढत राहिला,
आणि एक फोटोसुद्धा हलला नाही.
आठवडाभर मी म्हणजे कोण!

मग मार्गशीर्षात, एका दुपारी, दुहेरी फायली साफ करताना
'जुनं' नावाचा फोल्डर मी उडवला. खात्री आहे का, विचारलं त्यानं.
खात्री होती.
आत मथीआत्यांचे धवले होते, एक्केचाळीस मिनिटं,
हरेशभावोजींच्या लग्नातले.

दुसरी डिस्क जागेवर होती, निळा दिवा लागलेला.
तिच्यातूनही गेले होते, त्याच क्षणी.
आरशापुढे बसून केस कापले
तर आरशातली बाई वेणी सांभाळून ठेवत नाही.
एवढी साधी गोष्ट कळायला
मला दोन डिस्क आणि एक गाढवपणा लागला.
तीन रात्री सॉफ्टवेअर चालवलं.
फायलींची नावं परत आली. दाबलं की नुसती खरखर.

आत्यांना तळवलीहून रिक्षानं आणलं.
सांगितलं तेव्हा म्हणाल्या, गेलं त गेलं, परत म्हनतंय.
फोन पाटावर ठेवला. त्यांनी सुरू केलं
आणि मी आठवून आठवून जुळवत बसले:
इथं हे नव्हतं, इथं मांडव आधी होता, नदी नंतर.
मध्येच अडल्या. डोळे मिटून बसल्या.
कुंदावैनींनी दारातूनच पुढची ओळ दिली,
पिठाचे हात पुसत.
मग दोघी. मी जुळवायचं सोडून दिलं.

आता तिसरी एक छोटी डिस्क केलीय.
दर अमावास्येला भरते आणि माहेरी, पनवेलला, ठेवून येते.
आरशाशी तिचा संबंध नाही. ती एक महिना मागेच असते, बरंय.

फाइलला नाव काय देऊ, त्या संध्याकाळी विचारलं.
माजं नको, आत्या म्हणाल्या, नवरीचं दे.
नवरी कोन हाय आता घरात? भाविकाचं टाक.

डक्टमधून, वरच्या मजल्यावरून, लगेच आवाज आला:
नाय!