तारीख टाकून

टर्लिंग फॉल्सची कागदगिरणी बंद पडली त्या वर्षी
मी गावच्या वाचनालयात
परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावत असे.
सप्टेंबरात अठरा पूर्ण झालेली,
हीटर म्हाताऱ्यासारखा खोकणारा,
आणि गिरणी बंद असूनही गावभर कागदच कागद.
दाराच्या कडीला, वायपरच्या खाली,
एकाच दिवशी पत्रपेटीत तीन पत्रकं
आणि तिन्हींवर नावनोंदणीच्या तीन तारखा.
एकावर गरुड होता. एकावर हसरं कुटुंब.
एकावर पाठवणाऱ्याचं नाव इतक्या बारीक अक्षरात
की ते लपवण्यासाठीच छापलं असावं.

लोक ते हातात धरून यायचे, ओल्या बुटांनी,
विनिफ्रेड स्कोगलंडच्या टेबलापाशी.
ती आधी कागद उलटा करायची.
"कुणी पाठवला?"
मग, "त्याला तुझ्याकडून काय हवंय?"
मग चष्मा कपाळावर सारून
काउंटीच्या कचेरीला फोन,
आणि उत्तर मिळालं तरी ठेवायची नाही:
"आपलं नाव? आणि हे लिहिलंय कुठे?"

पा हुआ शाँग आली, जूनमध्ये नागरिक झालेली,
तेव्हापासून दोनदा घर बदललेलं,
विजेचं बिल मुलाच्या नावावर.
"हे चालेल?" तिनं बिल दोन्ही हातांनी पुढं केलं,
एखादं ताट द्यावं तसं.
दोघींनी मिळून तिच्या पर्सचा तळ उपसला.
बँकेचं एक पत्र निघालं, घडीवर फाटलेलं,
पण नाव तिचं, पत्ता नवा.

लेम्युएल प्राउडफिट दारातच उभा राहिला.
अकरा वर्षं आत काढलेली.
मामा म्हणतो जन्मभर बंदी,
मेव्हणा म्हणतो कधीचंच चालतं,
आणि चुकून टाकलं तर पुन्हा आत, असं सगळेच.
विनिफ्रेड म्हणाली, "मला माहीत नाही."
मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य
मी तोवर इतकं सरळ ऐकलंच नव्हतं.
"बस. विचारते."
दोन दिवस लागले, चार फोन.
तिसऱ्या दिवशी त्यानं तो कागद उभ्यानंच वाचला,
चार घड्या करून टोपीत ठेवला
आणि टोपी घातली.

शिकारीचं जाकीट घातलेला एकजण शेवटी वैतागला:
"ते सगळं कळलं गं. टाकू कुणाला?"
"ती फाइल या इमारतीत नसते," ती म्हणाली,
आणि त्याला स्टेपलर दिला.
ना अध्यात ना मध्यात म्हणावं, तर तसंही नाही.
मध्यात तर ती बसलेलीच होती,
एका बाजूला मासेमारी, दुसऱ्या बाजूला धर्मग्रंथ,
आणि रोज गावाचे दोन्ही हात तिच्या टेबलावर.

एकदा दिवे मालवताना मी विचारलं,
प्रत्येक चिठ्ठीवर तारीख कशाला? सांगणाऱ्याचं नाव कशाला?
ती किल्ल्या शोधत राहिली.
मग म्हणाली, सहा वर्षांपूर्वी बर्नडीन क्लूथला,
बेकरीतल्या,
मी शुक्रवार सांगितला. आठवणीतून.
त्या वर्षी बुधवार होता.
"मग? रागावली?"
"नाही ना," विनिफ्रेड म्हणाली.
"अजून पाव देते. एखादा जास्तच घालते."

मतदानाच्या दिवशी चर्चच्या तळघरात
सूप आणि ओल्या लोकरीचा वास.
यंदा केंद्र अग्निशमनवाल्यांकडून इकडे हललेलं.
तिकडे कुणीतरी पाटी लावायला विसरलेलं,
म्हणून तिनं सकाळीच जाऊन लावलेली.
रांगेत माझ्यापुढे तीच.
आत गेली, पडदा ओढला.
खाली फक्त तिचे बूट दिसत होते,
टोकं किंचित आत वळलेली,
आणि ते बराच वेळ हललेच नाहीत.

मी खिशातली चिठ्ठी चाचपली.
तिच्या हाताची, गिचमिड.
वर तारीख. खाली:
सांगणारी डोरीन, कचेरी, सकाळचे दहा वीस.
बदल झाला असेल, तर पुन्हा विचार.