पळसाच्या पानात

वुहानहून शिकून आले त्या साली येळवशीला
मी पळसाच्या पानात भात बांधला.
तिकडं बांबूचं पान असतं, तांदूळ जातीचा चिकट;
इकडं रेशनचा. तो न सांगताच चिकटतो.
आत ओल्या तुरीचे दाणे, गुळाचा खडा,
वरून अंबाडीचा दोरा, तीन वेढे.
कडब्याच्या कोपीत पाच पांडवांचा चुना अजून ओला होता,
भज्जीच्या हंड्यात डाव फिरवत आई म्हणाली,
"ह्ये कोणत्या देवाचं?"

देवाचं नाही. एका कवीचं.
राज्य बुडालं, तसा तोही नदीत उतरला
दगड उराशी धरून.
लोक होड्या घेऊन धावले, ढोल बडवले,
सापडेना, तेव्हा मुठीमुठीनं भात टाकला:
माशांनो, हे खा, त्याला सोडा.
पण पाण्यातलं कुठलंसं जनावर, म्हणे,
तो भात मधल्यामध्ये गट्ट करायचं,
म्हणून मग पान. म्हणून दोरा.
हॉस्टेलातली श्याओमेइ हे सांगताना हसायची,
खरं कशावरून, म्हणायची,
आणि गाठ मात्र दातांनी आवळायची.

आई हसली नाही. डाव थांबला.
"घावला का त्यो?"
नाही.
"किती वरसं झाली?"
दोन हजारांच्या वर.
"आन् आजून टाकतेत?"
आता टाकत नाहीत गं. आता खातात.

ती उठली, दरसाल उठते तशी,
आंबिलीचं बिंदगं काखेत, एक उंडा, पळीभर भज्जी,
बांध उतरून तेरणेच्या डोहाकडं.
मला लहानपणापासून वाटायचं, येळवस अशीच असते:
वावराला आंबील शिंपायची
आणि डोहाला जेवू घालायचं.

"सगळेच घालतेत ना?"
"न्हाई," ती पाठमोरीच म्हणाली, "आपणच."

मग एक नाव आलं, घरात कधी न ऐकलेलं.
मन्मथ. तिच्या पाठचा.
पंचमीला बहिणीला न्यायला निघालेला,
सोळा वर्षांचा, डोक्यावर चपला बांधून लोंढ्यात शिरलेला.
"पंचमीला पानी गढूळ," ती म्हणाली,
"जवळ जाऊ देत नव्हते मला.
येळवशीला निवळतंय. दिसलं तर दिसलं."

जाता जाता माझ्या ताटातली एक पुडी तिनं उचलली,
गाठ ओढून पाहिली.
"ढिली हाय,"
आणि दोऱ्याला अजून एक वेढा दिला.