बारा नंबरचा काठ

आशियातल्या क्लबांची फायनल. पाचवा सेट, तेरा-तेरा.
विनकर वसाहतीत रात्रपाळीचा चहा निवलेला,
अंबण्णा यमूलच्या मोबाईलभोवती आम्ही सहा जण.
कानांत मागाचा खडखडाट अजून चालूच,
कॉमेंट्री कुणाला ऐकू येते?

लिबरोनं आडवं पडून बॉल काढला, तरी पॉइंट गेला.
फरशीवर त्याच्या आकाराचा घाम उरला.
एक पोरगं धावत आलं,
गुडघे टेकून पुसू लागलं.

"थांबव," अंबण्णा ओरडला. चालू मॅच थांबते होय!
"काठ बघ. दुहेरी निळा. आपल्या बारा नंबरचा."
गुंडेटी हसला : असले काठ कुठंही निघतात, मामा.

अंबण्णा शाळेत सेटर होता.
बॉल उचलून द्यायचा; मारायचा दुसरा,
पेपरात नाव त्या दुसऱ्याचं.
बोटं अजून तशीच, वर उघडी,
तुटला धागा शोधताना.

पहाटे पाळी सुटली. शेंगाचटणीचे हात पुसत
मी विचारलं, शेवटी जिंकलं कोण?
"कुणास ठाऊक," तो म्हणाला.
"पोरगं घासत होतं रे.
टॉवेलनं टिपायचं असतं."