अर्धा इंच

वॉशर बदलायला बोलावलं होतं.
सात रुपयांचं काम. देवबागात, शेवटच्या वळणावर,
जिथे एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र
आणि मधे खोबरेकरांची विहीर. गोड.
कशी गोड राहते, मला कधी कळलं नाही.

ओट्यावर वाकलो तेव्हा आतल्या खोलीत मुलगी दिसली.
गळ्यात काविळीची माळ, बेंबीपर्यंत उतरलेली.
“आधी दीर, मगे सासू, आता ह्या चेडू,” तिची आई म्हणाली.
“मोरी बाधली, म्हणतत सगळे.”
तिला मासा म्हणायचा होता.
मी मात्र मोरीकडेच बघत राहिलो.

पाणी दे, म्हटलं. पेला भरून दिला.
वास नाही, रंग नाही, तळाला कण नाही.
“आमच्या पाण्याक नावां ठेवू नको हां, इनास.
टुरिस्ट लोक बाटली बाजूक ठेवन ह्याच पितत.”
प्यायलो.
गोडच होतं.

मग मागल्या दारी गेलो.
तिथे तीन खोल्या, गुलाबी,
तीन संडास, एकाच्या दारावर डॉल्फिन काढलेला,
आणि माडाच्या आळ्याला लागून
शोषखड्ड्याचं झाकण.

पायाखालची वाळू सरकली, म्हणतात.
देवबागात ती रोजच सरकते, त्याचं काही नाही.
पण त्या झाकणाखालून काय जातं
ते मला आठवलं.

चौदा वर्षांपूर्वी मीच टाकली होती ती लाइन,
अर्धा इंची, विहिरीपासून छपरावरच्या टाकीपर्यंत,
तिरकी, थेट,
कारण कुंपणाकडून वळवली असती तर
अकरा फूट पाईप जास्त, दोन एल्बो,
आणि खोबरेकर म्हणाले होते, “सरळ घे रे.”
तेव्हा तिथे अबोली होती.
खड्डा मागाहून आला.
खणणाऱ्याला कुणी सांगितलं नाही, मला कुणी विचारलं नाही,
आणि मी वर्षातून दोनदा ह्याच दारावरून गेलो,
भिंती चढताना पाहिल्या,
रंग छान आहे म्हणालो.

लोकांना वाटतं पाईप म्हणजे एका दिशेचा रस्ता.
पंप चालू असतो तोवर, हो.
भोक असलं तर थेंब बाहेर पडतो, वाळू पिते,
कुणाला पत्ता नाही.
पंप थांबला, फूट व्हॉल्व्ह जुना असला,
की पाणी मागे घसरतं विहिरीकडे
आणि पाईप श्वास आत घेतो.
बाहेर जे असेल ते.

आरोग्य केंद्रातून तपासणीची बाटली आणली.
खुणेपर्यंत भरली, रात्री उशाशी ठेवली,
चार वेळा उठून टॉर्च मारला.
दुसऱ्या दिवशी दुपारी काळी झाली,
माकुलाच्या शाईसारखी.

वाळू खणायला वेळ लागत नाही, तेवढं बरं.
हात कोपरापर्यंत गेला आणि ओल लागली.
पाईपाला पोपडे,
आणि एका जागी, बोट फिरवून लागणारही नाही असं,
नाचणीच्या दाण्याएवढं भोक.

खोबरेकर काठावर उभे.
“कोणी घातल्यान रे ही लाइन अशी?”
खरंच विसरले होते.
मुलगी दाराला टेकून बघत होती, पिवळ्या डोळ्यांनी.
मी, म्हटलं.
पुढचं बोलणं इथे लिहीत नाही.

नवी लाइन कुंपणाकडून नेली, जमिनीच्या वर,
येता-जाता डोळ्यांना दिसेल अशी.
अकरा फूट जास्त. दोन एल्बो.
टाकी घासली, ब्लीचिंग घातलं,
वास जाईपर्यंत नळ सोडून ठेवले.

रात्री जुनी वही काढली.
तीनशे बारा घरं.
कुणाला किती फूट, कुणाकडून किती येणं, सगळं आहे.
कुठली सरळ घातली, ते नाही.

आणि तो वॉशर राहिलाच.
परवा फोन आला होता,
अजून टपकतोय म्हणून.